टिपेचा निकाल

गोंडपिपरी
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय इहीनबाई केसरबाई यांस,
सविनय जय भीम.

परवा फोनवर आपण दोघेही वाजवीपेक्षा मोठ्याने बोललो. माझे बोलणे समोरच्या पानठेल्यापर्यंत गेले असे मला आज कळले. समाजाच्या बैठकीत मी अर्धे आयुष्य पंच म्हणून बसलो आहे, पण मोठ्या आवाजात भांडण मिटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून यापुढे पत्रानेच बोलावे असे मी ठरवले आहे. पत्रात आवाज चढत नाही, आणि चढलाच तर एटापल्लीला पोहोचेपर्यंत उतरतो.

विषय आपल्याला ठाऊक आहे, तरी रीतीप्रमाणे मांडतो. माझा मुलगा अश्वजित इथे बस स्टँडच्या मागे पूलचा हॉल चालवतो. आपली मुलगी, म्हणजे माझी सून हर्षा, लग्न झाल्यापासून त्याच हॉलमध्ये बसून खेळणाऱ्यांच्या काठ्या दुरुस्त करत होती. काठीला ते क्यू म्हणतात. क्यूच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चामड्याची चकती असते, ती टिप. टिप घसरू नये म्हणून तिला खडू लावायचा, टिपेने पांढऱ्या चेंडूला ढकलायचे आणि पांढऱ्याने बाकीच्यांना. एवढ्यासाठी माणसे रात्र रात्र जागतात, त्यावर मी काही म्हणत नाही.

टिपा दोन प्रकारच्या. एक अखंड, म्हणजे एकाच जाड कातड्यातून कापलेली. दुसरी थरांची, म्हणजे पातळ कातड्याचे सात-आठ पदर एकावर एक चिकटवून केलेली. अश्वजित पहिल्यापासून अखंडवाला. चंद्रपूरच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी हर्षाने त्याच्या क्यूची अखंड टिप काढून थरांची बसवली. फायनलला शेवटच्या काळ्या चेंडूवर टिप घसरली आणि अश्वजित हरला. घरी येऊन वाद झाला. सकाळच्या बसने सून माहेरी गेली आणि जाताना त्याचा क्यू घेऊन गेली.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की थरांची टिप बरी की अखंड. याचा निकाल लागला की चुकलेल्याने माफी मागायची आणि सुनेने घरी यायचे. मुलगा माझा असला तरी टिप कोणाचीच नाही, त्यामुळे निकाल निःपक्षपाती असेल. आपली बाजू कळवावी.

आपला,
देवाजी निमसरकार

•

एटापल्ली
२७ नोव्हेंबर

इवाई देवाजीभाऊंना जय भीम.

पत्र मिळाले. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा मी फोन हातभर लांब धरते, त्यामुळे माझी शेजारीण सुकरी हिला आपल्या घरची सगळी माहिती आहे. तिचेही मत विचारात घ्यायचे असेल तर कळवा.

आधी एक दुरुस्ती. क्यू तुमच्या मुलाचा नाही. हर्षा गडचिरोलीला कॉलेजात होती तेव्हा तिथल्या हॉलमध्ये खेळून तिने तो जिंकला. लग्नात तिच्याबरोबर आला. रोज वापरला म्हणून वस्तू आपली होत असेल तर आमच्या घरातली अर्धी भांडी सुकरीची आहेत.

येताना आलापल्लीच्या पुढे तपासणीला बस थांबली. क्यूचे ते लांब काळे नळकांडे पाहून पोलीस चढले. "हे काय आहे?" "काठी." "कशाची काठी?" "खेळायची." त्यांनी दोन्ही तुकडे जोडले, एक डोळा मिटून सरळ आहे का पाहिले, "चांगली आहे" म्हणाले आणि परत दिली. तेवढीच एक शाबासकी तिला त्या आठवड्यात मिळाली.

आता बाजू. हर्षा सांगते की अखंड टिप चार दिवसांत छत्रीसारखी पसरते, सारखी घासून गोल करावी लागते, आणि आज लागते तशी उद्या लागत नाही. थरांची आकार धरून ठेवते. आणि तिने ती मनाने बसवली नव्हती. अश्वजित तिला म्हणाला होता, "तुले जे बरं वाट्टे ते लाव, मले फक्त जिंकाचं हाये." हे त्याने तुम्हाला सांगितले नसावे.

मी आयुष्यभर नर्स म्हणून या जंगलातली गावे पायी फिरले. दुखणे सांगणारा माणूस पहिल्यांदा बोट ठेवतो ती जागा बहुतेक वेळा दुखणारी नसते. तुम्ही टिपेवर बोट ठेवले आहे. ठेवा, चौकशी करा. आम्हाला घाई नाही. मुलीला इथे काही कमी नाही.

केसरबाई

•

गोंडपिपरी
६ डिसेंबर

आदरणीय इहीनबाई,
जय भीम.

आज चैत्यभूमीला जाता आले नाही, इथल्या विहारातच वंदना केली. नंतर वेळ होता म्हणून लिहायला बसलो.

चौकशी सुरू केली आहे. पंचाने ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, म्हणून मी स्वतः खेळून पाहिले. पहिल्या दिवशी पांढरा चेंडू टेबलावरून उडून सोड्याच्या बाटल्यांत गेला. आता तो टेबलावर राहतो. मी रोज संध्याकाळी जातो, ते निव्वळ चौकशीसाठी. गेल्या शुक्रवारी चौकशी जरा लांबली.

त्यानंतर परीक्षा घेतली. अश्वजित नवी अखंड टिप रात्रभर दुधात भिजत ठेवतो, सकाळी शिकंज्यात दाबून वाळवतो. त्याने कातडे घट्ट होते. मला हे पटले. तरुणपणी मी मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत ढोलकी वाजवत असे, आणि ढोलकीचे पानही भिजवल्याशिवाय चढत नाही. मात्र एकाच बाजूला दूध पाजणे हा पक्षपात झाला असता. म्हणून हर्षाच्या डबीत थरांच्या टिपा होत्या, त्यातली एक काढली आणि दोन्ही टिपा शेजारी शेजारी, सारख्या वाट्यांत, सारख्या दुधात ठेवल्या.

सकाळी अखंड टिप होती तशी होती. थरांच्या टिपेचे पदर सुटून दुधावर वेगवेगळे तरंगत होते. मी इतर दोन पंचांना बोलावून दाखवले. एकाने चहा झाला आहे का असे विचारले, दुसऱ्याने थरांच्या विरुद्ध मत दिले.

हा अंतिम निकाल नव्हे. पण पुरावा पुरावा असतो, म्हणून आपल्याला कळवणे माझे कर्तव्य समजतो.

आपला,
देवाजी

•

एटापल्ली
१६ डिसेंबर

इवाई,
जय भीम.

थरांची टिप सरसाने चिकटवलेली असते, तिला पाण्यातच घालायचे नसते. तुम्ही न्याय म्हणून मासोळी आणि कोंबडी दोघींना तळ्यात सोडले आणि कोंबडी बुडाली म्हणून लिहून घेतले. त्या टिपा हर्षाने नागपूरहून मागवल्या होत्या. तुमचे पत्र वाचून ती इतकी हसली की मला बरे वाटले. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग भांडी घासायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

म्हणून आता सांगते. ती सांगू नको म्हणते, पण तुम्ही आणखी काही भिजवण्याच्या आत सांगितलेले बरे.

वाद घरी आल्यावर झाला, हे तुम्हाला कोणी सांगितले? वाद चंद्रपूरलाच झाला, बक्षिसाच्या वेळी. अश्वजितला दुसऱ्या नंबरचा कप दिला तेव्हा कोणीतरी विचारले की काळा कसा काय हुकला. त्याने माईकवरून सांगितले, "बायकोच्या हातची टिप लावली अन् फायनल गेली. हात बसला नाई तं टिपेले हात कायले लावते?" सगळे हसले. तोही हसला. हर्षा तिथेच खुर्ची धरून उभी होती.

राजुरा, मूल, ब्रह्मपुरी, सगळीकडचे खेळणारे आपला क्यू तिच्याकडे द्यायचे. घरी निघेपर्यंत त्यांच्यातल्या दोघांनी आपापले क्यू तिच्याकडून परत मागून नेले. टिप कोणती होती याचे तिला काहीच नाही. तिचे म्हणणे एवढेच की, "आई, टिप मी नीट बसवली होती. त्याले मालूम हाये."

आता करा चौकशी.

केसरबाई

•

गोंडपिपरी
२४ डिसेंबर

आदरणीय इहीनबाई,
जय भीम.

आपले पत्र मी तीनदा वाचले. दुसऱ्या वेळी चष्मा लावून.

संध्याकाळी हॉल बंद करून अश्वजितला समोर बसवले आणि विचारले. तो म्हणाला, "मजाकमदी बोललो होतो, बाबा. सगळेच बोलते." मी म्हटले, "मजाक होती तं ती काऊन हासली नाई?" त्यावर तो टेबलाचे हिरवे कापड झटकत राहिला. कापडावर काही नव्हते.

एक गोष्ट मला आपल्याला लिहायची नव्हती, पण लिहितो. ती क्यू घेऊन गेल्यापासून त्याने स्वतःसाठी दुसरा क्यू घेतलेला नाही. हॉलमधली कोणतीही काठी उचलतो आणि खेळतो. रात्री जेवण वाढताना दोन ताटे घेतो, मग एक ठेवून देतो. तो निर्दय नाही, इहीनबाई. तो भित्रा आहे. चारचौघांत हरलेला माणूस जवळच्याच माणसाच्या आड लपतो, हे मी बैठकीत पुष्कळदा पाहिले आहे. माझ्या घरात ते दिसले नाही.

टिपेचा मुद्दा मी बाजूला ठेवला आहे. आमच्या बैठकीची एक जुनी रीत आहे. चारचौघांत गेलेला शब्द घरात परत घेता येत नाही. ज्या कानांनी ऐकला त्याच कानांसमोर परत घ्यावा लागतो. वडशाला मंडईच्या दिवशी पूलची स्पर्धा आहे, चंद्रपूरचेच खेळणारे तिथे येणार आहेत. तिथे त्यांच्यासमोर बोलायचे, असे मी अश्वजितला सांगितले. त्याने मान हलवली.

आपला,
देवाजी

•

एटापल्ली
१ जानेवारी २०२५

इवाई,
जय भीम.

मान हलवली म्हणजे कशी? उभी की आडवी?

हर्षाने वडशाच्या स्पर्धेत स्वतःचे नाव दिले आहे. अश्वजितला भेटायला नव्हे, खेळायला जाते असे तिने मला बजावले आहे. मी सोबत जाते. नाटक पाहायला जाते असे मीही तिला बजावले आहे.

केसरबाई

•

गोंडपिपरी
६ जानेवारी

इहीनबाई,

आडवी.

मी वडशाला येत नाही. गुडघ्याचे निमित्त सांगितले आहे, पण गुडघा बरा आहे. बाप समोर असला तर पोरगा बापासाठी बोलेल, आणि तसे बोलणे हर्षाला नको असेल. तो वडशाला जाईल हे नक्की. बोलेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. सून घरी यावी असे मला फार वाटते. पंचाने असे लिहू नये, पण लिहिले.

देवाजी

•

एटापल्ली
१५ जानेवारी

इवाई देवाजीभाऊंना जय भीम.

हर्षा तुमच्याकडे पोहोचली, एवढे तुम्हाला आतापर्यंत दिसलेच असेल. पण कसे झाले ते दोघांपैकी कोणी धड सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

वडशाला मंडईची गर्दी होती. नाटकांचे फलक, माईकचे आवाज, भज्यांचा वास. स्पर्धा एका तांदळाच्या रिकाम्या गोदामात होती आणि टेबलाखाली अजून कणी सांडलेली होती. बाया आम्ही दोघीच. अश्वजित दाराजवळ उभा होता. त्याने मला लांबूनच जय भीम केला, जवळ आला नाही. हर्षाने त्याच्याकडे पाहिले नाही, म्हणजे तो कुठे उभा आहे हे तिला पूर्ण वेळ ठाऊक होते.

तिचा खेळ ब्रह्मपुरीच्या एका खेळाडूशी होता. मला त्यातले कळत नाही, पण ती पुढे होती. शेवटी फक्त काळा चेंडू उरला, तोही भोकाच्या तोंडाशी. सुकरीनेसुद्धा घातला असता. हर्षा वाकली, मारला, टिप घसरली. काळा जागेवर राहिला आणि पांढरा भलतीकडे जाऊन भोकात पडला.

एकदम हशा झाला. एक जण ओरडला, "अश्वजितभाऊ, पाह्यली का तुमची थराची टिप? आता दोघायले घेऊन डुबली." हर्षाने क्यू टेबलावर ठेवला. मी पर्स उचलली. आता पुढची बस कोणती, एवढेच माझ्या डोक्यात होते.

अश्वजित दारातून आला. लोकांनी वाट करून दिली, मजा येणार म्हणून. त्याने क्यू उचलला, टिप डोळ्याजवळ नेली, अंगठा फिरवला. मग म्हणाला, "टिपेले काई झालं नाई. चांगली बसवली हाये. इनं घाई केली."

मला त्याचा राग आला, खोटे कशाला बोलू. पण तो थांबला नाही. म्हणाला, "मीही चंद्रपूरले घाईच केली होती. खडूसुद्धा लावला नोहता. टिप तवाही इनं चांगलीच बसवली होती, अन् मले मालूम होतं. मी माईकवर खोटं बोललो. तुमी हासले तं मीही हासलो." मग म्हणाला, "हासा आता."

कोणी हसले नाही. ब्रह्मपुरीवाल्याने हळूच विचारले की आपण जिंकलो का. अश्वजित म्हणाला, "तू काळा टाक, मंग जिंकशील." त्याने टाकला.

हर्षाचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि पाठ सरळ होती. मग मूल गावच्या एका माणसाने आपला क्यू तिच्यासमोर धरला आणि टिप बदलून मागितली. चंद्रपूरला क्यू परत नेणाऱ्या दोघांतला तो एक, हे मला नंतर कळले. ती तिथेच पोत्यावर बसली आणि कामाला लागली. अश्वजितने क्यूचे दुसरे टोक धरून ठेवले. तिने अखंड टिप लावली की थरांची, ते मी पाहिले नाही. त्या वेळी मी चष्मा पुसत होते.

काम झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "आई, जाऊ?" मी म्हटले, "जा." तिने माझी शाल घेतली आणि अश्वजितच्या गाडीवर मागे बसली. मी तिला घाई कर म्हटले, कारण थंडी वाढत होती.

मी नाटक पाहिले नाही. सकाळच्या गाडीने परत आले. खिडकीजवळची जागा तिच्यासाठी धरली होती, गाडी सुटेपर्यंत धरूनच होते. मला घाई नाही असे मी तुम्हाला लिहिले होते, ते खरेच होते, इवाई. ती आली तेव्हा मला वाईट वाटले आणि घरात माणूस आले म्हणून बरेही वाटले. आता बरे वाटते आणि घर मोठे झाले आहे. सुकरी येऊन बसते, पण ती आपल्या भांड्यांसाठी येते.

पोरगी हसते का, ते कळवा.

केसरबाई

•

गोंडपिपरी
२३ जानेवारी

आदरणीय इहीनबाई,
सविनय जय भीम.

हसते. काल मी खेळत असताना हसली. मी तिला कारण विचारले नाही.

घरी दिवा लागला की हॉलमधून दोघांचे वाद ऐकू येतात. तो अखंडच बसवतो, ती थरांचीच. आता हॉलवर पाटी लावली आहे, त्यावर तिचे नाव वर आणि त्याचे खाली आहे. तसे त्यानेच लिहून घेतले. राजुऱ्याचे आणि मूलचे क्यू पुन्हा येऊ लागले आहेत.

सून घरी आली तेव्हा मी विहारात मेणबत्ती लावली आणि गल्लीत पेढे वाटले. एक पेढा पानठेल्यावाल्याला दिला, कारण त्याला सगळे प्रकरण ठाऊक होते. आपले पत्र त्यानंतर आले. ते वाचून माझ्या ध्यानात आले की मुलगी इकडे आली म्हणजे तिकडून गेली. मी इतकी वर्षे लेकी-सुनांची भांडणे मिटवली, त्यांना सासरी पोहोचवले आणि पेढे वाटले. मागे दारात उभ्या राहिलेल्या बाईकडे मी एकदाही वळून पाहिले नाही. आपण ते न रागावता लिहिले, म्हणून मला जास्त लागले.

आता कामाचे. टिपेचा मुद्दा मी बाजूला ठेवला होता, निकाली काढलेला नाही. दुधाची परीक्षा आपल्या हरकतीवरून रद्द केली आहे. एक पंच थरांकडे झुकला आहे, एक अखंडकडे आणि तिसरा अजून चहाच मागतो. एका बाजूचे म्हणणे फक्त कागदावर ऐकून निकाल देणे आमच्या बैठकीत बसत नाही. थरांची बाजू मांडायला आपण स्वतः हजर राहणे आवश्यक आहे. हर्षाची कामाची खोली हॉलच्या मागच्या बाजूला आहे, तिथे आपल्यासाठी खाट टाकली आहे.

निकालाला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. हर्षा म्हणते, आईला सांगा, नेसायला पातळं दोनच आणू नका.

आपला,
देवाजी